तिसऱ्या खणातला दिवा

आवाज अमर असतो, असं अंधांच्या ध्वनिग्रंथालयाच्या दारावर संगमरवरात कोरलेलं होतं. संगमरवर शाबूत होता. आवाज शनिवारी गेला.

"सरळसरळ घातपात," व्यवस्थापक म्हणाले. "आमच्या वाचक काकूंनी आयुष्यभर वाचून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तकं त्या सर्व्हरवर होती. काकू गेल्या वर्षी वारल्या. आता पुन्हा कोण वाचणार? आमच्या सर्व्हरवाल्याची बढती मी अडवली होती, त्याचा हा राग. निलंबित केलाय, किल्ली काढून घेतलीय. उद्या पोलिसांत देतो. तुम्ही फक्त पुरावा काढा."

"दुसरी प्रत ठेवली नव्हती?" वहिनींनी विचारलं.

"प्रस्ताव विचाराधीन होता."

खासगी तपासाचा व्यवसाय वहिनींचा. त्यांचे धाकटे दीर, भावोजी, नेहमी सोबत असत, कारण गाडी भावोजींची होती.

सर्व्हरची खोली कपाटाहून जरा मोठी. यंत्राच्या तोंडाशी डिस्कांचे पाच खण, प्रत्येकावर मसुरीएवढा दिवा. चार हिरवे. तिसरा नारिंगी.

यंत्र स्वतःच्या हालहवालीची नोंद स्वतःच ठेवतं. वहिनींनी ती पडद्यावर उघडली. तिसऱ्या खणातली डिस्क बिघडली. मग चौथ्यातली काढली. चौथ्यात नवी बसवली. साठा बंद.

"पाचातली एक गेली तर उरलेल्या चार तिचं काम ओढतात," वहिनी म्हणाल्या. "दोन गेल्या की संपलं. चौथ्यातली मूळ डिस्क धड परत मिळाली, तरच काही आशा."

"आमच्या ऑफिसपेक्षा बरं," भावोजी म्हणाले.

सर्व्हरवाला बाहेर पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली.

"सासरे वारले, त्यांना पोचवायला गेलो होतो हो. तिथं काकांचा फोन, यंत्र ओरडतंय म्हणून. म्हटलं, एक दिवा नारिंगी झाला असेल, त्याच्या खालची डिस्क ओढून काढा, कपाटातली नवी सरकवा. यंत्र बंदही करावं लागत नाही. पोरखेळ आहे."

"खणाचा नंबर विचारला नाहीस?"

"दिवा दिसतोय तर नंबर कशाला?"

"नंतर नोंद पाहिलीस?"

"आत सोडतंय कोण मला?"

काका म्हणजे काकूंचे यजमान. त्या गेल्यापासून शनिवारी ग्रंथालय तेच उघडून बसत. इस्त्रीचा सदरा, एका पायात हिरवा मोजा, दुसऱ्यात तपकिरी.

"एकटा माणूस," भावोजी कुजबुजले. "मोज्यांचं भान कुठलं राहायला."

"नारिंगी दिव्याचीच काढली," काका म्हणाले. कोणी विचारायच्या आधीच म्हणाले.

"ती कुठाय?"

काकांनी ड्रॉवरमधून डिस्क काढून टेबलावर ठेवली. तिला आरपार भोकं होती.

"साहेबांचं परिपत्रक आहे. श्रोत्यांचे पत्ते असतात तिच्यात. काढलेली डिस्क त्याच दिवशी ड्रिलनं भोकं पाडून निकामी करायची. मीच पाडली."

"बरं केलंत. ते निळं पेन देता जरा?"

काकांनी पेनांच्या डब्यातून झटकन दिलं.

"आणि मागची ती हिरवी फाईल."

काका फळीपाशी उभे राहिले. लाल, हिरव्या, तपकिरी फायली ओळीनं होत्या. "नाव काय घातलंय तिच्यावर?"

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम हळू झाला.

संध्याकाळी सगळे व्यवस्थापकांच्या खोलीत जमले.

"काका, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल."

"बसतो इथंच."

वहिनी सर्व्हरवाल्याकडे वळल्या. "याचा हात यात नाही. पासवर्ड घालून कोणी आत शिरल्याची नोंद नाही. बिघडली होती तिसरी डिस्क. ती अजून तिथंच आहे, तिचा दिवा अजून नारिंगी आहे. काढली गेली शेजारची, धडधाकट. आणि घातपात करणारा माणूस वर नवी डिस्क बसवून, परिपत्रक पाळून घरी जात नाही."

"मग काकांनी मुद्दाम...?"

"काकांना पाचही दिवे एकाच रंगाचे दिसले. निळं पेन त्यांना लगेच सापडलं. हिरवी फाईल नावाशिवाय सापडेना. हिरवा आणि तपकिरी मोजा त्यांच्या लेखी एक जोड आहे."

भावोजींनी मोज्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.



"मोजे तीच काढून ठेवायची," काका म्हणाले. "चौकात सिग्नल हिरवा झाला की माझा दंड दाबायची. कोणाला कधी कळू दिलं नाही तिनं."

"मला सांगायचंत ना, काका," सर्व्हरवाला म्हणाला.

"तू पोरखेळ म्हणालास. मग कसं सांगू? तिच्या नोकरीच्या जागी आपलं हसं नको, वाटलं. चौथा मला जरा मंद भासला." त्यांनी टेबलावरची डिस्क उचलली, एका भोकावरून बोट फिरवलं. "ड्रिल चालवताना रेडिओ लावला होता. आवाज सहन होत नव्हता."

व्यवस्थापकांनी निलंबनाचा कागद मागे घेतला. परिपत्रक घेतलं नाही.

काकांनी ती डिस्क मागितली. नियमात बसत नसल्यानं ती मिळाली नाही.

पुढच्या महिन्यात नवा सर्व्हर आला. त्यात डिस्क बिघडली की निळा दिवा लागतो.