सतराव्या चौकटीनंतर

टक्. पेन्सिल जमिनीवर पडली आणि मेजाखाली घरंगळत गेली.

दुपारचे अडीच वाजलेत. पेडण्याच्या आमच्या घरात या वेळी एवढा आवाजही मोठा वाटतो. तारा माझ्या मागे खाटेवर निजली आहे. चार वर्षांची पोर, तोंड उघडं, उजवी मूठ गालाखाली. तिच्या फ्रॉकच्या पट्ट्याला मी माझ्या पदराचं टोक बांधून ठेवलंय. तिचे बाबा, सुदेश, मुरगावला बंदरात कामाला असतात आणि शनिवारी घरी येतात. चारला पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजेल, तोवरचा वेळ माझा.

पेन्सिली मी गुरुवारीच डब्यात घालून कपाटावर ठेवल्या होत्या. ही एक खाली राहिली असेल.

लिहितेय ते जुन्या शंभर पानी वहीत, मागच्या बाजूच्या कोऱ्या पानांवर. वही माझ्या हाताखाली असली की तिच्यात दुसरं कुणी काही काढणार नाही, हाही त्यातला हिशोब.

वही अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमधली. गोव्याचं राज्य होऊन वर्ष होत आलं होतं, भिंतींवरच्या भाषेच्या घोषणा अजून पुसल्या गेल्या नव्हत्या. आम्ही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, तिघं. शिवदासच्या मामाचा लग्नांच्या शूटिंगचा धंदा, म्हणून कॅमेरा त्याच्याकडे. डिचोलीची सुविधा पडद्यावर दिसणार होती. आणि मी शीतल, शॉट आखणारी. बारा मिनिटांचा थरारपट काढायचा होता: एका मुलीला सारखं वाटतं, आपल्याला कुणीतरी बघतंय.

संवाद कोंकणीत की मराठीत, यावर शिवदास आणि मी तीन दिवस भांडलो. चौथ्या दिवशी सुविधा हसत म्हणाली, "मग मुकोच काडूया. मुक्याक खंयची भास?" तसा तो सिनेमा मुका झाला.

शब्द गेले, तेव्हा सगळा भार चौकटींवर आला. मी पट्टीने एका पानावर चार चौकटी आखायची. आत पेन्सिलीने चित्र, खाली तीन ओळी: शॉटचा आकडा, कॅमेरा उंच की खाली, आणि 'कोणाची नजर'. ही तिसरी ओळ माझी स्वतःची होती. बघणारा पडद्यावर दिसला नाही तरी चालेल, पण चित्र कुणाच्या डोळ्यांतून दिसतंय ते आपल्याला ठाऊक हवं, असं मी म्हणायची. शिवदासला ते पटत नसे. त्याचा हात लग्नांवर बसलेला, प्रत्येक शॉट पायांपासून सुरू करून तोंडापर्यंत न्यायचा. सुविधा म्हणायची, "शिवदास, माका अंतरपाट धरतलंय काय रे?" आणि प्रत्येक शॉटआधी माझ्याकडे वळून विचारायची, "गो, मी खंय उभी रवू?" मी सांगेन तिथे ती उभी राहायची. एवढा विश्वास परत कुणी माझ्यावर टाकला नाही.

सतरावा शॉट पाळी गावातल्या एका बंद खाणीवर होता. खड्ड्यात पाणी साचलेलं, हिरवं, अजिबात न हलणारं. आजूबाजूच्या काजूच्या पानांवर तांबडी धूळ. मातीच्या ढिगाऱ्यावर शिवदास कॅमेरा घेऊन ओणवा, त्याच्यामागे मी उभी. खाली साठेक पावलांवर सुविधा, आमच्याकडे तोंड करून. तिच्या पाठीमागे पाणी.

चौकटीत मी तिच्यामागे फक्त पाणी काढलं होतं. प्रत्यक्षात तिच्या आणि पाण्याच्या मध्ये जमिनीची एक तांबडी पट्टी दिसत होती. तेवढी पट्टी मला नको होती.

वरच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक चालले होते, हाक पोचणं शक्य नव्हतं. मी उजवा हात वर केला आणि तळवा पुढे ढकलून खूण केली. मागे. ती एक पाऊल सरली. पट्टी बारीक झाली. मी पुन्हा हात ढकलला. तिने ओठ हलवून काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही, पण कळलं. अजून मागे सरू?

मी तिसऱ्यांदा हात ढकलला.

काठ भुसभुशीत होता. शिवदासचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, त्याला वाटलं ती अभिनय करतेय. पाच सेकंद तो नुसतं पाणी टिपत राहिला.

पोलिसांनी टेप पाहिली. टेपमध्ये सुविधा आपल्याआप मागे सरताना दिसते. माझा हात कॅमेऱ्याच्या पाठीमागे होता. शिवदासने पाहिला नाही, टेपने पाहिला नाही. तो एकाच माणसाने पाहिला.

बाराव्याला मी त्यांच्या घरी गेले. सुविधाची आई, सुमंगलामावशी, चुलीपुढे बसली होती. वर न बघताच तिने विचारलं, "तिका फाटी सर म्हणान कोणी सांगलेलां गो?"

"कोणी नाय, मावशी. मागे सर म्हणान कोणीच नाय सांगलां."

तिने माझ्यापुढे चहाचा पेला सरकवला. मी तो पूर्ण प्याले.

वही मी टाकली नाही, जाळली नाही. लग्नानंतर ती ट्रंकेत, जुन्या साड्यांखाली, या घरात आली. या घरात सुविधाचं नाव मी कधी घेतलेलं नाही. सुदेशजवळसुद्धा नाही.

पंधरा दिवसांमागे ताराने ट्रंक उपसली. मी साड्या गोळा करत होते, ती वही उघडून बसली होती. सतराव्या चौकटीनंतर मी नुसत्या रिकाम्या चौकटी आखून ठेवल्या होत्या. अठरावी रिकामी नव्हती.

तिच्यात मातीचा ढिगारा होता, खालून पाहिलेला. वर दोन लहान आकृत्या: एक ओणवी, दुसरी उभी, उजवा हात पुढे.

मी स्वतःला समजावलं, तेव्हाच कधीतरी मी काढलं असेल आणि विसरले असेन. माणूस काय काय विसरतं. खालची 'कोणाची नजर' ही ओळ कोरी होती. ती ओळ मी कधीच कोरी सोडत नसे, हेही मला तेव्हाच आठवलं.

वही मी परत ट्रंकेत टाकली आणि कुलूप घातलं.

आठ दिवसांनी ती मेजावर होती. एकोणिसाव्या चौकटीत आमचं घर, रस्त्यावरून दिसतं तसं. माडाच्या दोन झावळ्या आणि उघडं जनेल. जनेलात मेजाशी बसलेली बाई.

ताराची माणसं अजून डोक्यातूनच पाय फुटलेली असतात. हे चित्र मापात होतं. जनेलाचा गज जिथे वाकलाय तिथे वाकलेला होता. तरी मी तिला मांडीवर घेऊन विचारलं, केस मागे सारत, अगदी हळू. हे तू काढलंस ना?

ती हसली. "मी खंय काडतंय? मी नुसती उभी रवतंय."

कुठे, ते विचारायला मला धीर झाला नाही.

गुरुवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते. घर फार शांत आहे असं वाटलं म्हणून उठले. तारा खाटेवर नव्हती. मागचं दार उघडं होतं.

आमच्या परसात विहीर आहे. तिचा कठडा एका बाजूने ढासळलाय. सुदेश दर शनिवारी म्हणतात, पुढच्या शनिवारी बांधूया. तारा त्या ढासळलेल्या बाजूला उभी होती. विहिरीकडे पाठ, माझ्याकडे तोंड, हात सरळ खाली. शाळेच्या फोटोला उभी राहावी तशी.

तिच्या आणि विहिरीच्या मध्ये तांबड्या मातीची एक पट्टी होती.

तिने मला पाहिलं. "आई, आजून मागे सरू?"

माझा उजवा हात वर गेला होता.

तो मी तिला बोलवायला उचलला होता. आई आहे मी तिची. दुसरं कशाला उचलीन? पण तो वर गेल्यावर त्यात काय आहे ते मला कळेना. तिथून तिला तो कसा दिसेल, तेही कळेना. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि खाली ओढलं. मग धावले.

तिला उचललं, छातीशी घेतलं. तिच्या केसांना उन्हाचा वास येत होता. ती म्हणाली, "सोड मगो, लागता."

संध्याकाळी वही पाहिली. विसाव्या चौकटीत आमचं मागचं दार होतं, विहिरीपासून दिसतं तसं. दारात बाई. तिचा उजवा हात वर. डावा हात अजून मनगटापर्यंत पोचलेला नव्हता.

तेव्हापासून मागच्या दाराला आडणा घातलेला असतो आणि तारा झोपली की पदराचं टोक तिला बांधते. शनिवारी सुदेश कठडा बांधतील. सोमवारी सकाळच्या बसने डिचोलीला जायचं आणि सुमंगलामावशीच्या चुलीपुढे बसून सांगायचं, असं मी ठरवलंय. असं मी आठ वर्षांत पुष्कळदा ठरवलंय.

लिहिता लिहिता आता वहीची पुढची बाजू उलटून पाहिली. पाहायला नको होती.

एकविसावी चौकट. मेज. मेजाशी वाकून लिहिणारी बाई, पाठमोरी. तिच्या पदराचं टोक चित्राच्या खालच्या कडेपर्यंत ताणलेलं आहे, जणू बघणाऱ्यालाच बांधलंय. मेजाखाली एक पेन्सिल.

'कोणाची नजर' पुढे या वेळी कोरं नाही. लहान मुलाने गिरवावं तसं मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून पुसलंय.

पदराला हिसका बसतोय. तारा जागी झाली.

मी मागे वळलेली नाही. ती उठून बसल्याचा आवाज आला, खाट करकरली. झोपेतून उठल्यावर ती आधी पाणी मागते, मग पाव मागते. आज तिने काहीच मागितलं नाही.

मग तिने विचारलं, अगदी हळू, जसं मी तिला विचारते तसं:

"आई, तिका फाटी सर म्हणान कोणी सांगलेलां गो?"