लयसारणीतले दोन हात

मार्च २०६३. नागपूरच्या यंत्रजतन प्रयोगशाळेत शैलजा वझलवार नवऱ्याचा जुना लॅपटॉप घेऊन आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त ध्वनिशास्त्रज्ञ. त्यांचे पती, भूगर्भशास्त्रज्ञ प्रभाकर यांना जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. त्यांचं पुस्तक केव्हाच छापून झालं होतं, तेव्हा फायली नको होत्या. प्रभाकर ते टंकताना शेजारच्या खोलीत ऐकू येणारा कळांचा आवाज बाईंना पुन्हा एकदा ऐकायचा होता.

तो मिळू शकेल, असं प्रयोगशाळाप्रमुख नसरीन तांबोळी म्हणाल्या.

"या लॅपटॉपच्या कळफलकाला स्वतःची बीजप्रणाली होती, फर्मवेअर. कुठली कळ किती वेळ दाबली, पुढची किती वेळाने आली, हे ती लयसारणीत नोंदवायची. बोट थरथरलं तरी अक्षर दोनदा उमटू नये म्हणून. डिस्क पुसली तरी सारणी राहते. मात्र ती शेवटच्या वीस हजार कळदाबांचीच."

"मग आम्हाला ती कधी दिसली कशी नाही?"

"ती ज्या पानावर दिसते, ते प्रगत सेटिंग्जचं पानच कंपनीने लपवलं होतं. तिथे एक आकडा चुकला, तर यंत्र सुरू व्हायचं नाही."

चिप इतकी जुनी होती की ती एकदाच वाचता येईल, याची कल्पना नसरीननी दिली. शैलजाबाईंनी मान हलवली. यंत्र सुरू होतानाच नसरीननी दोन कळा धरून ठेवल्या. चौथ्या प्रयत्नात सेटिंग्जच्या नेहमीच्या यादीशेजारी एक अनोळखी पान उघडलं. त्यांनी काहीही न बदलता सारणी उतरवून घेतली आणि पुस्तकाच्या शेवटाकडचं एक पान त्या लयीत टंकलं तर होईल तो कळांचा आवाज ध्वनियंत्रावर लावला.

शैलजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"ही एका माणसाची लय नाही."

नसरीननी आकडे पाहिले. डाव्या बाजूच्या कळा संथ, थरथरत्या. उजव्या बाजूच्या ठाम आणि चपळ.

मग शैलजाबाईंनी सांगितलं. शेवटच्या वर्षी प्रभाकरांचा उजवा हात लुळा पडला. मराठी कळफलकावर मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. त्या त्यांच्या उजवीकडे बसत. व्यंजनं त्या टंकत, मात्रा ते देत. पुस्तकाची शेवटची नव्वद पानं तशीच झाली.

"लॅपटॉप त्यांचा, म्हणून सारणीही त्यांचीच, असं मी धरून चालले," त्या म्हणाल्या. "कळफलकाला काय कळणार, कोण बसलंय ते."

उजव्या बाजूचे आकडे डाव्या हातावरून नव्याने तयार करता येतील, म्हणजे लय पूर्णपणे प्रभाकरांची होईल, असं नसरीननी सुचवलं. शैलजाबाई नको म्हणाल्या. तेच पान पुन्हा लावायला सांगितलं.

आता त्यांना नीट ऐकू आलं. चपळ बोटं व्यंजनावर पडत आणि थांबत. डाव्या हाताचं बोट मात्रेपर्यंत पोचलं की मगच पुढे जात. प्रत्येक वेळी तेवढंच.

"मी घाई करते म्हणून ते मला रागवायचे," शैलजाबाई म्हणाल्या. "थांबत होते की मी."