धुऱ्यावरची तासं

"नव्या सुनेनं सोताचं नाव सांगतलं, की तो आपल्याले इचारत नाही."

हे वाक्य मयुरीच्या कानावर पडायचं नव्हतं. सासू केसरबाई चुलीपाशी सासऱ्यांना, जानरावांना, दबक्या आवाजात सांगत होत्या, आणि मयुरी पाण्याचा गुंड घेऊन दाराआड उभी होती. लग्नाला दोन महिने झाले होते. कमी बोलते म्हणून घरात तिला सगळे मुकी म्हणत. मुक्या माणसाजवळ लोक फार बोलतात.

उद्या सीतादही होतं, कपाशीच्या पहिल्या वेचणीची पूजा. पूर्वी धुऱ्यालगतच्या, म्हणजे शेताच्या बांधाशेजारच्या ओळींना, त्या तासांना, कुणी हात लावत नसे. तो वाटा धुऱ्यावरच्याचा. जुने लोक त्याला रेड्याच्या खुरांचा राक्षस म्हणत, तेही दिवसाउजेडी. बीटी बियाणं आलं, अळी गेली, आणि जानरावांनी वाटाही बंद केला. मग गुलाबी अळी आली. बोंडं आतून काळी पडली. मागच्या वर्षी ती तासं पुन्हा सोडली, आणि नाव सांगायला मोठी सून अन्नपूर्णा गेली.

ती नंतर माहेरी, जानेफळला गेली, असं सगळे म्हणत. मोठा मुलगा तेव्हापासून खामगावच्या जिनिंगवर होता, घरी येत नव्हता. अन्नपूर्णाच्या चपला मात्र गोठ्याच्या दाराशीच होत्या. जानेफळपर्यंत बाई अनवाणी जाते? मयुरीने विचारलं नाही. रोज झाडताना चपला तेवढ्या सरळ करून ठेवी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी केसरबाईंनी तिच्या हाती दहीभात दिला.

"जाय पोरी. दगडापाशी ठेव, आन् मोठ्यानं आपलं नाव सांग. मांगं पाहू नको."

"तुम्ही नाही येत, आत्याबाई?"

"माहे गुडघे दुखतेत ना वो."

त्याच गुडघ्यांनी त्या सकाळी अख्खं वावर तुडवून आल्या होत्या.

धुऱ्याजवळ पाखरंही गप्प होती. वारा नव्हता, तरी शेवटच्या तासातून खसखस येत होती, कुणी सावकाश कापूस वेचावा तशी. ओल्या कातड्याचा वास दाटला होता. मयुरीने भात ठेवला. खसखस थांबली. अगदी कानाशी, दमलेल्या बाईच्या आवाजात कुणी विचारलं,

"कोन...?"

मयुरीने नाव सांगितलं. मोठ्यानं, आडनावासकट.

दिवेलागणीला म्हैस दावं तोडून पळाली. मयुरी गोठ्यात डोकावली, तर दाराशी चप्पल एकच होती.

ताटं वाढली आणि अंगणात पावलं वाजली. एक चपलेचं, फट्. एक खुराचं, टक्. पुन्हा फट्. पुन्हा टक्.

"कोन हाये बे?" तिचा नवरा देवानंद बसल्याजागीच ओरडला. उठलं कुणीच नाही. जानरावांनी घास तोंडातच धरला होता.

पावलं उंबऱ्याशी थांबली. कवाडाची आतली कडी हळूच हलली...

केसरबाईंचा हात मयुरीच्या पाठीवर आला आणि पुढे ढकलू लागला. "जाय... तुलेच बोलावून राह्यला. काऊन बसली? एकीनं गेलं म्हंजे बाकीचे वाचतेत."

मयुरीने तो हात हळूच काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मले नाही बोलावत, आत्याबाई. म्या तुमचं नाव सांगतलं."