तिसरं स्थळ

ऑफिसात तिला सगळे आवराबाई म्हणत, आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. वीस-वीस वर्षांचे जुने प्रोग्राम, ज्यांना हात लावायला बाकीचे कचरत, ते ती कंबर कसून उघडायची, आतला पसारा उपसायची आणि लख्ख करून परत द्यायची. पसारा दिसला की तिच्या डोक्यात तिडीक जायची. घरीही तसंच.

ऑफिस होतं निवृत्त माणसांच्या पेन्शन निधीचं. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, करडी टेबलं, खिडकीखाली सारखा कुरकुरणारा प्रिंटर. निधीतली लाखभर म्हातारी माणसं रोज सकाळी संगणकावर किंवा फोनवर आपली शिल्लक बघू शकत. व्याज धरून यंत्र जी शिल्लक काढतं, तिला दशांशचिन्हापुढे दहा-बारा आकड्यांची शेपटी असते. ती बघून लोकांना घाम फुटायचा. म्हणून एक छोटासा तुकडा लिहिलेला होता, जेमतेम तेरा ओळींचा. कुठलीही रक्कम येवो, दशांशापुढे दोनच स्थळं ठेवायची आणि बाकीची शेपटी छाटायची, एवढंच त्याचं काम. साडेबारा असेल तर १२.५०. नुसते बारा असतील तरी १२.००.

"आयुष्यभर आलेली स्थळं नाकारलीस," तिचे बाबा म्हणायचे, "आणि आता पगार घेऊन दिवसभर स्थळंच मोजत बसतेस, ठमे."

बाबा ब्याऐंशी वर्षांचे. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. आई गेल्यापासून ते दोन गल्ल्या सोडून एकटे राहत, आणि त्यांची पेन्शनही याच निधीतून यायची. रोज दहाच्या ठोक्याला ते शिल्लक बघत आणि लेकीला फोन करून आकडा वाचून दाखवत. तिला तो फोन कटकटीचा वाटायचा, पण सव्वादहापर्यंत आला नाही तर तीच लावायची.

तर त्या तेरा ओळी. त्या साफ करताना तिला एक गंमत दिसली. दोन स्थळं झाल्यावर कुणीतरी पुढे एक कोरी जागा जोडली होती. म्हणजे १२.५० आणि त्यापुढे एका आकड्याएवढं काहीच नाही. वर टीप होती: 'शेवटची जागा रिकामी ठेवली आहे. काढू नये.' खाली नाव नाही, तारीख नाही, कारण नाही.

ती हसली. कुठल्या तरी भंगारात गेलेल्या प्रिंटरचे हे चोचले असणार. कोरी जागा ती, असली काय नि नसली काय, कुणाला दिसणार आहे? तिने जागा काढली, टीप काढली, चाचण्या चालवल्या. सगळं ठीक होतं. सोमवारी नवा प्रोग्राम सुरू झाला.

मंगळवारी तपासणीवाला तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चुका शोधणं हीच त्याची नोकरी, आणि एकदा चूक सापडली की तो गोचिडासारखा चिकटायचा, म्हणून त्याला चिकटराव म्हणत.

"मॅडम, एका खात्यात तीन स्थळं दिसतायत."

"शक्यच नाही."

"तुम्हीच बघा."

तिने बघितलं. एका निवृत्त नर्सबाईंची शिल्लक, ९१८.४०३. तिने आतली पूर्ण रक्कम काढली. तिथे होतं ९१८.४०१७. म्हणजे तिसऱ्या स्थळी एक यायला हवा होता, फार तर पुढच्या सातामुळे वाढून दोन. तीन कुठून आला? तोच प्रोग्राम तिने स्वतःच्या यंत्रावर चालवला, तर ९१८.४०. शहाण्यासारखी दोन स्थळं.

बुधवारी त्या तीनचा दोन झाला, गुरुवारी एक. शुक्रवारी शून्य. शुक्रवारी दुपारी खातं बंद झालं. कारणाच्या रकान्यात होतं, 'खातेदाराचे निधन.'

पुढच्या आठवड्यात एका बोटीवरच्या आचाऱ्याच्या खात्यात तीन उमटला, मग एका शाळेच्या घंटा देणाऱ्याच्या. चिकटराव आपल्या छोट्या वहीत एकाखाली एक लिहीत होता. दोन्ही खाती चौथ्या दिवशी बंद झाली, त्याच कारणाने.

ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. लाखभर म्हातारी माणसं, त्यातली चार-पाच रोज जाणारच. ज्यांच्या शिल्लकेपुढे तिसरं स्थळ नव्हतं, तीही जातच होती की! हा धागा तिने घट्ट धरून ठेवला. दिवसभर ती तेरा ओळी उलट्यापालट्या करून बघायची आणि घरी जाऊन कपाटं आवरायची.

मग एका मंगळवारी दहाच्या ठोक्याला बाबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"ठमे, आज जीव गार झाला बघ. तुमच्या यंत्राला शेवटी अक्कल आली. तीन स्थळं! आता याला म्हणायचं नेमकेपणा."

तिने पेन खाली ठेवला.

"तिसरा आकडा काय आहे, बाबा?"

"तीन."

संध्याकाळी तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं. काही झालेलं नसताना का नेतेस म्हणून ते वाटभर कुरकुरले. डॉक्टरने छाती तपासली, रक्तदाब बघितला आणि म्हणाला, "आजोबा, तुमची नाडी माझ्यापेक्षा बरी आहे." बाबा विजयी मुद्रेने लेकीकडे बघत राहिले. ती हसली खरी, पण डॉक्टरला पुन्हा एकदा छाती तपासायला लावली.

बुधवारी दोन.

उपाय तिला ठाऊक होता. काढलेली जागा परत ठेवायची. पण महिनाअखेर आली होती, आणि महिनाअखेरीला प्रोग्रामला कुणी बोट लावायचं नाही, हा नियम खुद्द तिनेच दोन वर्षांपूर्वी भांडून करून घेतला होता. अगदीच अडलं तर तपासणीवाल्याच्या सहीने बदल करता येई, पण त्याला कारण द्यावं लागे. काय कारण देणार? एका रिकाम्या जागेने माणसं मरतायत म्हणून? तिची तिलाच लाज वाटली. बुधवार असा गेला. गुरुवारी एक आला आणि तोही दिवस तिने स्वतःची समजूत घालण्यात काढला.

शुक्रवारी बाबांचा आवाज पडलेला होता.

"शून्य दाखवतंय ग. शून्यच दाखवायचं तर तिसरं स्थळ कशाला? पुन्हा पहिल्यासारखंच की."

"बाबा, आज कुठे बाहेर जाऊ नका. बसून राहा."

"का? पाऊस आहे का?"

"माझ्यासाठी. जाऊ नका."

मग तिने लाज गुंडाळून ठेवली. तेरा ओळी उघडल्या, शेवटी कोरी जागा जोडली, वर टीप लिहिली. टीपेखाली कारण लिहायला घेतलं, दोन शब्द लिहिले आणि खोडले. आपल्याआधी इथे बसलेल्या माणसानेही असंच खोडलं असेल, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने नाव, तारीखही घातली नाही.

अर्ज घेऊन ती चिकटरावाकडे गेली. त्याने वाचला. कारणाचा रकाना रिकामा होता. एरवी स्वल्पविराम राहिला तरी कागद परत करणारा माणूस तो.

"कुणाचं खातं?" त्याने विचारलं.

"बाबांचं."

त्याने वही मिटली आणि सही केली.

बदल लागू व्हायला अकरा मिनिटं लागत. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. तिने बाबांना फोन लावला.

घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

पुन्हा लावला.

पट्टी अर्ध्यावर आली होती. प्रिंटर कुरकुरायचा थांबला होता, की तिलाच ऐकू येत नव्हतं, कोण जाणे.

पुन्हा लावला. वाजून वाजून बंद पडला.

पट्टी पूर्ण झाली. तिने बाबांचं खातं उघडलं. दोन स्थळं. पुढे काहीच नाही.

फोन वाजला.

"अग, काय हे! आग लागल्यासारखी घंटा वाजवतेस. दारात माणूस उभा होता."

ती खुर्चीत मागे रेलली. आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदमच. चिकटराव पाण्याचा ग्लास ठेवून गेला, आणि जाता जाता त्याने स्वतःचेही डोळे पुसले. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्या दुपारी तिला ती करडी टेबलंसुद्धा देखणी वाटली.

पाच वाजता ती बाबांच्या घरी पोचली. ते चहा करत होते, साखर नेहमीप्रमाणे चमच्याची कड बोटाने सपाट करून मोजत. तिने मागून जाऊन त्यांना मिठी मारली.

"आज काय आहे काय?" ते म्हणाले. "सगळेच विचित्र वागतायत. तो माणूसही तसलाच."

"कोण माणूस?"

"तू फोन करत होतीस तेव्हाचा. सभ्य होता हं. माझं पूर्ण नाव घेऊन विचारलं, मी म्हटलं, या. आत आला. बाहेरच्या खोलीत माझ्यासमोरची खुर्ची दाखवून म्हटलं, बसा. तर खुर्चीपाशी जाऊन थबकला. म्हणाला, माफ करा, इथे कुणी बसलंय, मी मग येईन. आणि गेला." बाबांना हसू आलं. "डोळे अधू असतील बिचाऱ्याचे."

"खुर्चीत कुणी नव्हतं?"

"कोण असणार? मी एकटाच तर असतो."

ती बाहेरच्या खोलीत आली. खिडकी बंद होती, ऊन कधीच उतरलं होतं. बाबांच्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची होती, लाकडी, बिनगादीची. तिने वाकून बैठकीवर तळहात ठेवला.

बैठक कोमट होती. कोरी दिसणारी जागा रिकामी नव्हती.

तिने हात मागे घेतला. भीती वाटली, नाही असं नाही. पण आतून बाबांचा कप विसळल्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजापुढे ती भीती फारच लहान होती.

"बसा," ती हळूच म्हणाली. "सावकाश बसा."

आणि स्वतःसाठी तिने स्वयंपाकघरातून स्टूल आणलं.