जवसाच्या तेलाची चिंधी

दसरा झाला की आष्टीच्या कचरू सुताराच्या घरी सागवानी पलंगाला जवसाचं तेल लागायचं. साऱ्या गावाची दारं-खिडक्या करणाऱ्या त्या माणसानं स्वतःसाठी लग्नाच्या वर्षी तेवढा एकच पलंग केला होता. बाकी सुताराच्या घरचा पाट मोडकाच असतो, तसा त्याचाही होता.

चौऱ्याहत्तर साली दसरा आला, पण कचरू भादव्यातच गेला होता. मग सोनूबाईनं त्याच्या जुन्या धोतराची चिंधी फाडली आणि भर दुपारी पलंगापुढं बसली. लाकडाच्या रेघेरेघेनं ती हात फिरवत राहिली. सागवान तेल पीत होतं, खोलीत गोडूस, जड वास भरत होता. झोळीत सहा महिन्यांची लेक झोपली होती. चिंधी मुठीत चुरगाळून सोनूबाईही जमिनीवर कलंडली.

जाग आली तेव्हा दिवेलागण होत होती आणि मूठ ऊन होती. कचरूचा हात असाच ऊन असायचा.

तेल प्यालेल्या चिंधीचा गोळा केला की ती आतून तापते आणि एखाद्या वेळी पेटतेही. ती पसरून वाळवावी, नाहीतर पाण्यात बुडवावी. हे कचरूनंच तिला पहिल्या वर्षी बजावलं होतं. पण कळतं तसं वळत नाही. रोज दुपारी ती पलंगाला नवं तेल द्यायची, चिंधी मुठीत घट्ट आवळायची आणि त्या उबेची वाट बघत डोळे मिटायची. बिचारी तेवढ्यासाठीच जगत होती.

चौथ्या दिवशी तिची थोरली जाऊ चांगुणाबाई आत आली आणि दारातच थबकली.

"सोनू... काय जळून राह्यलं गं?"

"काही न्हाई, आक्का."

"मूठ उघड."

तळव्याला फोड आले होते. चिंधीतून धुराची बारीक रेघ निघत होती, आणि वर हातभर अंतरावर झोळी हलत होती.

"येडी झाली का बिलकुल? लेकराला जाळती का? टाक पाण्यात."

"टाकते... सांजंला टाकते."

"सांजंला न्हाई. आत्ता. माझ्यासमोर."

सोनूबाई बादलीपाशी आली. तिला रडू आवरेना. "सोडा आता मला," ती मुठीतल्या चिंधीकडं बघत अगदी हळू म्हणाली, "लेकरू हाय..."

चिंधी पाण्यात पडली, चर्र वाजली, तळाला गेली. चांगुणाबाईचा जीव भांड्यात पडला.

सोनूबाई मात्र रिकाम्या हाताकडं बघत उभी होती. बोटं अजून मिटलेलीच होती.

"आक्का... ऊन लागून राह्यलंय."

"भास हाय. चल, आधी लेकराला घेऊन माझ्याकडं चल."

चांगुणाबाईनं तिला ओढायला तिचा हात धरला आणि चटका बसावा तसा सोडून दिला. धरायला तिथं जागाच नव्हती. तो हात आधीच कुणीतरी धरलेला होता.