मुख्य कोण, राखीव कोण

प्रेमात पडायला लिफ्टच्या इंजिनाची खोली कुणी मुद्दाम निवडणार नाही. ग्रीसचा वास, गळकं छत, आणि फुटक्या काचेतून आत येणारं डॅन्यूबचं धुकं... पण गलात्सच्या त्या दहामजली इमारतीत लिफ्ट बंद होती, म्हणून स्मारांदा जिने चढून धापा टाकत वर आली, आणि दारातच थबकली. तिच्या राउटरशेजारी एक दाढीवाला तरुण उलट्या बादलीवर बसून खसखस लावलेल्या कोव्रीग पावाचं कडं मोडून खात होता.

“हात लावू नका!”

“कोव्रीगला?”

“माझ्या राउटरला!”

त्यानं दोन्ही हात वर केले. ओठांना खसखस लागली होती. “मी होरिया. माझेपातला. पनाइतसाहेबांनी आपली दोन्ही नेटवर्कं विकत घेऊन आज सकाळी एकमेकांना जोडली. म्हणजे आपण आता – शेजारी.”

त्सिग्लिना वस्तीतल्या घराघरांतलं इंटरनेट स्मारांदा सांभाळत असे, आणि नदीकडच्या माझेपा वस्तीचं हा सांभाळत होता, एवढं तिला ऐकून माहीत होतं. दाढीचं कुणी सांगितलं नव्हतं.

“पण एक अन्याय झालाय,” तो म्हणाला. “माझ्या राउटरचा आकडा शंभर. तुमच्याचा एक. तरी तुमचा मुख्य, आणि माझा राखीव!”

“उशिरा आलात. निवडणूक आधीच झाली होती. खुर्चीवरचा उठल्याशिवाय दुसऱ्याला जागा नाही, आकडा कितीही मोठा असो.”

“तुमचं यंत्र बंद करून चालू केलं तर?”

“करून बघा.” तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता.

“नको बाई! राखीवच बरं. मुख्याचं सगळं ऐकायचं आणि गप्प बसायचं... लग्नाआधी सवय झालेली बरी.”

ती हसली नाही. जिना उतरताना मात्र तिसऱ्या मजल्यावर तिला हसू आवरेना.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका तारेवर अनेक राउटर असले की प्रत्येकानं प्रत्येकाला आपल्याकडचे सगळे रस्ते सांगत बसायचं म्हटलं तर नुसता बाजार होईल. म्हणून ते एकाला मुख्य निवडतात, ज्याचा आकडा मोठा त्याला; पण एकदा निवडला की पडेपर्यंत तोच. बाकीचे त्याला सांगतात, तो सगळ्यांना सांगतो. राखीव असतो तो सगळं ऐकून ठेवतो आणि मुख्य पडला की उभा राहतो. इथे दोनच होते, तरी रीत ती रीत. आणि ज्याला उभंच राहायचं नसेल त्याचा आकडा शून्य ठेवतात. तो पुढे कधीच निवडला जात नाही.

नोव्हेंबरभर ती दोघं त्या खोलीत भेटत राहिली. काम असे, नसलं तर काढलं जाई. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो थर्मासमधून लिंडनच्या फुलांचा चहा आणायचा, ती त्याच्या मफलरचं सुटलेलं टोक दातात दोरा धरून शिवून द्यायची. बोटं हातमोज्यांत थिजायची... आणि कधी कधी हातमोजे मुद्दामच घरी राहायचे.

“तुझ्या हाताला ग्रीस लागलंय,” तो म्हणायचा आणि पुसत बसायचा. ग्रीस कधीच निघून गेलेलं असायचं.

बोलायचं ते मात्र दोघांच्याही ओठांवर येऊन परत जाई. कारण त्यांच्या डोक्यावर पनाइतसाहेब नावाची तलवार होती.

पनाइतसाहेबांना राउटरमधलं काही म्हणजे काही कळत नसे. पण मुख्य हा शब्द कानावर पडला आणि त्यांना शक्कल सुचली. “जानेवारीपासून इंजिनियर एकच,” ते म्हणाले. “ज्याचं यंत्र मुख्य, तो माणूस राहणार. संत निकोलाईच्या दिवशी, सहा डिसेंबरला, दुपारी येऊन बघतो.”

स्मारांदाच्या आईचं डायलिसिस गलात्सच्या इस्पितळात चालू होतं. तिला घेऊन परगावी जाणं शक्य नव्हतं. होरियाचे वडील जहाज कारखान्यातल्या अपघातापासून खुर्चीला खिळलेले. म्हणजे नोकरी दोघांनाही इथेच हवी होती, आणि नोकरी होती एक. होरियानं तिचं यंत्र एकदा बंद करून चालू केलं असतं तर काम झालं असतं. खोलीची किल्ली त्याच्या खिशात होती. स्मारांदा रोज वाट बघायची, आज तो करेल. तो करत नव्हता, आणि त्यामुळे तिला रात्री झोप लागत नव्हती.

संत निकोलाईच्या सकाळी मुलांच्या घासलेल्या बुटांत खाऊ असतो. स्मारांदा वर आली तेव्हा खोलीच्या उंबऱ्यावर तिचे रबरी बूट पुसून ठेवलेले होते, आणि एका बुटात एक संत्रं. आपणही याला काहीतरी द्यायचं, तिनं ठरवलं. लॅपटॉप जोडला आणि आपल्या राउटरचा आकडा शून्य केला. आता त्याचं यंत्र मुख्य होईल. आईचं काय, हा विचार तिनं दाबून टाकला.

झालं भलतंच. दहा मिनिटांत वस्तीतून फोनवर फोन सुरू झाले. कुणाचंच नेट चालेना. आज गावातल्या प्रत्येक निकूचा आणि निकोलेताचा त्या संताच्या नावाचा सण, आणि निम्मे निकू इटलीत कामाला!

होरिया धावत वर आला. केसांवर बर्फाचं पाणी. “काय केलंस तू?”

“मी शून्य केला. तुझा मुख्य व्हायला हवा होता...”

तो मटकन बादलीवर बसला. “मीही केलाय. काल संध्याकाळी.”

“का?”

“गारठ्यात इथली वीज हमखास जाते. परत आली की नव्यानं निवडणूक, आणि माझा शंभर जिंकला असता. म्हटलं, जिंकायचंच नाही.”

तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. दोन्ही राउटर ठणठणीत होते. दर दहा सेकंदांनी एकमेकांना हॅलो म्हणत होते; सलग चार हॅलो चुकले तरच शेजारी गेला असं धरतात. शेजारी आहे, हे दोघांनाही दिसत होतं. पण मुख्य कुणीच नाही, म्हणून पुढचं एक अक्षर कुणी कुणाला सांगत नव्हतं.

“गाढवं आहोत आपण,” होरिया म्हणाला.

“मला विचारायचंस तरी!”

“तू विचारलंस?”

दारात हालचाल झाली. दहाव्या मजल्यावरच्या वेतामावशी शाल गुंडाळून, भिंतीला धरून उभ्या होत्या. हातात फोन. “पोरी, निकूचा फोन येईल का गं? एरवी सकाळीच येतो. बारानंतर त्याची पाळी सुरू होते.”

“येईल मावशी. तुम्ही घरात बसा, गारठा आहे.”

त्या गेल्या. स्मारांदानं लॅपटॉप होरियाकडे सरकवला. “तू आकडा टाक.”

“नाही. तू टाक.” त्यानं तिच्याकडे न बघता सांगितलं, “मी काल तिकडे लांब क्लुझ शहरातल्या नोकरीला हो म्हटलं. रविवारी निघतोय. बाबा ताईकडे राहतील.”

बाहेरच्या धुक्यात नदी कुठे आहे तेही दिसत नव्हतं. स्मारांदानं बोटं कळांवर ठेवली आणि तशीच राहू दिली. एक आकडा दाबायचा, की मावशींच्या निकूचा फोन येणार, आपली नोकरी राहणार, आणि हा जाणार. हे तिला दाबवेना.

“नुसतं हॅलो पुरे झालं, होरिया,” ती म्हणाली. “मी दाबीन. पण आधी सगळं सांग.”

तो उठला. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, तिचे गार हात हातात घेतले. या वेळी ग्रीसचं निमित्त नव्हतं.

“पहिल्या दिवशी तू स्क्रू ड्रायव्हर उगारलास ना... तेव्हापासून. माझं तुझ्यावर प्रेम आहे. तुला सोडून जायचं नाही, आणि जावं लागणार आहे. झालं सगळं.”

“माझंही,” ती म्हणाली. “तेव्हापासूनच नाही. तू फारच आगाऊ होतास. पण बादलीवरून माझ्यासाठी उठायला लागलास तेव्हापासून.”

दोघंही हसली, आणि हसता हसता ती रडायला लागली. तिनं त्याच्या मफलरनं डोळे पुसले. मग एक दाबलं.

होरियानं आपल्या यंत्रावरही एकचाच आकडा टाकला. तिच्याहून उशिरा, म्हणून राखीव. “गेलो तरी हा इथेच राहील,” तो म्हणाला. “आणि मी रोज संध्याकाळी फोन करीन. उचलशील?”

“चार दिवस आला नाही, तर क्लुझला येऊन स्क्रू ड्रायव्हर खुपसीन.”

भिंतीपलीकडे फोन वाजला. मग वेतामावशींचा आवाज, कापरा आणि मोठा: “निकू! दिसतोस रे, दिसतोस! किती वाळलास...”

स्मारांदानं बुटातलं संत्रं काढलं, सोललं, आणि अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. फार आंबट होतं. पनाइतसाहेब जिना चढत येत होते, त्यांच्या धापा ऐकू येत होत्या, तरी ती दोघं एकेक फोड सावकाश खात राहिली.