खालची दोन बटणं

हसू नकोस कांचन, आधी सगळं ऐकून घे. परवा दुपारी मी बाबांच्या गोमती नगरच्या फ्लॅटवर गेले, ती त्यांचं यंत्र भंगारवाल्याला द्यायला. बाबांना जाऊन महिना झालाय, घर रिकामं करायचं होतं.

ॲनिमेशनचं कोणी नावही काढत नव्हतं, तेव्हा बाबांनी घरी बसून तो ॲनालॉग संगणक जोडला. गोल काचेवर हिरव्या रेघांची बाई चालायची, डावा पाय किंचित ओढत. ती माझी आई. मी लहान असतानाच ती गेली. त्या यंत्रात काही साठत नसे. बटणं फिरवाल तेवढं चित्र हलणार, हात काढला की थांबणार. आई कायम पाठमोरीच जायची. तिला वळवायचं तर सहा बटणं एकदम फिरवायला हवीत, आणि बाबांना हात दोनच!

"चेतना, वरची दोन तू धर, मधली मी. खालच्या दोन्हींचं बघू काहीतरी," म्हणाले होते एकदा. मी दहावीत. "मेलेल्या बाईला कशाला नाचवता, बाबा?" असं फाडकन बोलले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. ते अजून खातं गं मला.

भंगारवाला खाली टेम्पो लावत होता. म्हटलं, एकदा लावून तर बघू. तापल्या धुळीचा वास आला, घरघर सुरू झाली आणि आई उमटली... पाठमोरी. मी वरची दोन बटणं धरली. "चुकलंच माझं, बाबा," म्हणाले आणि फिरवली.

मधली दोन आपोआप फिरू लागली... जरा पुढे, मग केसभर मागे. बाबांचीच सवय. भीती नाही वाटली, खरं सांगते. रडूच फुटलं.

आणि आई वळली.

"मैडम, उठा लें?" भंगारवाला दारात.

"नहीं भैया... ये नहीं देना." फणफणत गेला बिचारा.

यंत्र आता माझ्याकडे आहे. बाबा आहेत त्यात, देणार कशी? आणि लावणार तरी कशी? वरची बटणं माझ्या हातात होती, मधली बाबांच्या. खालची दोनही फिरत होती गं... आई तर काचेवर होती.

ती वळली, पण माझ्याकडे नाही बघितलं तिने. त्या खालच्या बटणांकडे बघून मान हलवत होती, नको, नको. मी घाबरून हात काढले, सगळी बटणं थांबली.

तिची मान हलतच राहिली...